म्हणींतील हंसें आणि बोचणी

मनुष्यास त्याचा दोष तोंडावर सांगितला तर राग येतो. तोच दोष म्हणीच्या रूपानें कानीं पडला तर तो आधीं हंसतो आणि मागाहून विचारांत पडतो. मराठींतील विनोदी म्हणींचें सामर्थ्य ह्यांतच आहे.

हें साधतें कसें? पहिलें साधन चित्राचें. बाशिंग बांधावयाचें कपाळाला; परंतु उतावळा नवरा तें गुडघ्यालाच बांधतो. ‘घाई करूं नये’ हा उपदेश कोणीही विसरेल. हें ध्यान मात्र एकदां डोळ्यांपुढें आलें कीं जात नाहीं. दुसरें साधन यमकाचें. ‘असतील शितें तर जमतील भुतें’ ह्या दोन शब्दांच्या जुळणींत पंक्तीपुरत्या मित्रांची परीक्षा होऊन जाते. तिसरें साधन आडून बोलण्याचें. ‘नाचतां येईना, अंगण वांकडें’ ह्या म्हणींत नाचणारीला कोणी नांवें ठेवीत नाहीं. तिची सबब तेवढी जशीच्या तशी पुढें मांडली आहे. निवाडा ऐकणारानें करावयाचा.

ह्या तिसऱ्या युक्तीचा उपयोग एकत्र कुटुंबांत फार झाला. सासूनें रागें भरावें लेकीला आणि लागावें सुनेला, ह्या रीतीलाच ‘लेकी बोले सुने लागे’ असें नांव पडलें. सुनेला उलट बोलण्याची सोय नव्हती. तिच्या बाजूचें उत्तरही म्हणींतच सांपडतें : ‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे.’ म्हण कोणा एकाची नसते. त्यामुळें ती उच्चारणाराला ‘लोक म्हणतात’ ह्या आडोशाला उभें राहतां येतें.

परंतु हा आडोसा दुबळ्याप्रमाणें निर्दयालाही मिळतो. ‘नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नें’ ही म्हण सहज तोंडांत येते. तथापि उतावळेपणा मनुष्याला सोडतां येतो, नाकाची ठेवण बदलतां येत नाहीं. एके ठिकाणीं वर्तनाला हंसणें आहे, दुसऱ्या ठिकाणीं दैवाला.

रेव्हरंड मॅनवारिंग ह्यांनीं १८९९ सालीं मराठी म्हणींचा संग्रह इंग्रजी अर्थासह छापला. दाते व कर्वे ह्यांचा ‘महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश’ १९४२ पासून प्रसिद्ध झाला. कोशकारानें सर्वच म्हणी जपाव्या, तें त्याचें कर्तव्य. घरांत मात्र निवड हवी. कारण मुलें म्हणी शिकतात त्या कोशांतून नव्हे, वडील माणसांच्या तोंडून. जिच्यावर तिचा नेम असलेला मनुष्यही हंसूं शकतो, ती म्हण अवश्य बोलावी. जी ऐकून त्याला मान खालीं घालावी लागते, ती कोशांतच राहूं द्यावी.