'असावे'चे 'आहे' कसे होते?

कामगारांच्या संघटनेत आयुष्य घालविल्यावर आम्हाला एका गोष्टीची चांगलीच ओळख झाली आहे. वाटाघाटी आटोपून बाहेर यावे आणि सांगावे, "बोनसचा विचार करू, असे मालक म्हणतात." हे वाक्य गेटावरून खात्यात पोचेपर्यंत "बोनस मंजूर झाला" असे झालेले असते! मुद्दाम खोटे कोणीच बोललेले नसते. वाटेत एखादा शब्द तेवढा गळालेला असतो. विद्वानांच्या संशोधनाचीही अशीच गत होते. त्याचे एक अमेरिकन उदाहरण येथे सांगावयाचे आहे.

फ्रँक बॉम यांचे 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' हे मुलांचे पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले. डॉरथी ही मुलगी वावटळीने ऑझच्या देशात जाऊन पडते आणि चांदीचे बूट घालून पिवळ्या विटांच्या रस्त्याने जादूगाराच्या शोधात निघते. (१९३९ च्या चित्रपटात हे बूट लाल झाले.) सोबतीला एक बुजगावणे, एक पत्र्याचा लाकूडतोड्या आणि एक भित्रा सिंह.

हेन्री लिटलफील्ड हे न्यूयॉर्क राज्यातील माउंट व्हर्नन येथील शाळाशिक्षक. १८९० नंतरच्या दशकात अमेरिकेतील शेतकरी कर्जाने गांजला होता. नाणे केवळ सोन्याच्या आधारावर असल्यामुळे पैसा दुर्मीळ, मालाला भाव नाही आणि कर्ज मात्र जड, अशी त्याची तक्रार होती. चांदीचेही नाणे मोकळेपणी पाडा, अशी मागणी होती. हा रुक्ष विषय मुलांच्या गळी उतरविण्यासाठी लिटलफील्ड यांनी ऑझची गोष्ट हाताशी धरली. पिवळा रस्ता म्हणजे सोने, बूट म्हणजे चांदी, बुजगावणे म्हणजे शेतकरी, सिंह म्हणजे १८९६ च्या निवडणुकीत हरलेले पुढारी ब्रायन. आणि लाकूडतोड्या? चेटकिणीने मंतरलेल्या कुऱ्हाडीने त्याचा एकेक अवयव तुटला, जागी पत्रा आला, शेवटी काळीजही गेले. तो म्हणजे यंत्र बनलेला कामगार! १९६४ साली 'अमेरिकन क्वार्टरली'त हा लेख आला. ही साम्ये तर्काची आहेत, हेही त्यांनी त्यात नमूद केले होते.

पण लेख जसजसा फिरला, तसतशी ती कबुली मागे राहिली. पाठ्यपुस्तकांत, वर्गांत, वर्तमानपत्रांत "असा अर्थ लावता येतो" याचे "बॉम यांनी हे रूपक म्हणूनच लिहिले" असे झाले. १९९० साली ह्यू रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी याच रूपकावर चलनविषयक निबंध लिहिला. 'ऑझ' ही सोने तोलण्याच्या 'औंस'ची खूण, इथपर्यंत मजल गेली. वस्तुतः बॉम यांनी आपण केवळ मुलांच्या आनंदासाठी लिहिले, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. आणि १८९० साली स्वतःचे वृत्तपत्र चालवीत असताना त्यांनी रिपब्लिकन पक्षाची, म्हणजे नंतर सोन्याच्या बाजूने लढलेल्या पक्षाचीच, तरफदारी केली होती. अखेर १९९२ साली लिटलफील्ड यांनी 'न्यूयॉर्क टाइम्स'ला पत्र लिहून सांगितले की, बॉम त्या शेतकरी चळवळीच्या विचारांचे होते याला वस्तुस्थितीचा आधार नाही. तरी ती कथा आजही सांगितली जातेच.

आम्ही तरी कोठे वेगळे निघालो? कामगारांच्या अभ्यासवर्गात आम्ही लाकूडतोड्याची गोष्ट वर्षानुवर्षे छातीठोकपणे सांगत होतो. एकदा मागच्या बाकावरून एका फिटरने विचारले, "साहेब, हा बॉम कुठल्या युनियनचा?" आम्हाला उत्तर देता येईना. शोधू लागलो, तेव्हा वरील हकीकत हाती आली. आमच्या सोयीची होती म्हणूनच ती गोष्ट आम्ही तपासली नव्हती.

पुढच्या वर्गात आम्ही हे सारे कबूल केले. त्याने गोष्टीचे काही बिघडले नाही. काळीज हरवलेला पत्र्याचा माणूस आजही आमच्या लोकांना आपला वाटतो. मात्र तो अर्थ लिटलफील्ड यांनी लावलेला, बॉम यांनी घातलेला नव्हे, हे आता आम्ही आधी सांगतो. कारण गोष्टीत थाप मारणारा माणूस बोनसच्या हिशेबातही मारील, अशी शंका एकदा कामगाराच्या मनात आली, की आमच्या खऱ्या शब्दालाही मोल उरत नाही.