सी-आर्मसमोर उभं राहताना

मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमावर 1757 साली पूर्ण झालेला किल्ला आणि मिर्झाराजे जयसिंगांची छत्री ही बाळापूरची जुनी ओळख. मुंबई-कोलकाता महामार्गही याच गावावरून जातो, आणि महामार्ग म्हटला की अपघात आलेच. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलं की रुग्णाला अकोल्याला हलवतात. मग गावात निरोप येतो, "पायात रॉड टाकला." तो रॉड लहानशा छेदातून नीट बसतो, त्यामागे सी-आर्म हे यंत्र असतं.

नावाप्रमाणे ही 'सी' अक्षरासारखी वाकलेली कमान. एका टोकाला एक्स-रेची नळी, दुसऱ्या टोकाला प्रतिमा टिपणारा भाग, मधे टेबलावर रुग्ण. पेडल दाबलं की मॉनिटरवर हाड दिसतं.

खरी कसोटी रॉडच्या खालच्या टोकाला बसणाऱ्या स्क्रूंची. रॉडची भोकं हाडाच्या आत दडलेली. किरण सरळ रेषेत आले तरच भोक पडद्यावर गोल दिसतं, जरा तिरपे आले की लंबगोल. गोल दिसेपर्यंत कमान सरकवायची, "शूट" म्हणायचं, ड्रिलचं टोक टेकवायचं, पुन्हा "शूट". या घाईत पाय पेडलवर रेंगाळतो आणि सर्जनचा हात किरणांच्या वाटेत येतो. अंगावर किरण अडवणारा ॲप्रन असला, तरी हात उघडाच राहतो.

रुग्णाचं हे एखाद्या वेळचं काम; ऑपरेशन थिएटरमधल्या, म्हणजे ओटीतल्या माणसांचं रोजचं. त्यांना मुख्यतः बाधतात ते रुग्णाच्या शरीरावरून विखुरणारे किरण. नळीच्या बाजूला ते सर्वाधिक, म्हणून नळी टेबलाखाली ठेवायची. कमान आडवी केली की नळीच्या नव्हे, प्रतिमा टिपणाऱ्या भागाच्या बाजूला उभं राहायचं. एक मीटरवरून दोन मीटरवर सरकलं की मात्रा साधारण चौथाईवर येते. सलग किरणांऐवजी पल्स मोड, पडद्यावर गोठवलेली शेवटची प्रतिमा, हवा तेवढाच भाग उघडा ठेवणारा कोलिमेटर, या सोयी बहुतेक नव्या यंत्रांत असतात; वापरायच्या तेवढ्या राहतात.

अणुऊर्जा नियामक मंडळ 1983 पासून या कामावर लक्ष ठेवून आहे. कर्मचाऱ्याला पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात 30, ही मंडळाने घातलेली किरणमात्रेची मर्यादा. हिशेब ठेवतो छातीशी, ॲप्रनच्या आत लावायचा टीएलडी बॅज; दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो. खणात पडलेला बॅज मात्र काहीच सांगत नाही. ॲप्रनही घडी घालून फेकला की आतल्या थराला भेगा पडतात. तो टांगायचा असतो. गळ्याभोवतीची थायरॉइड कॉलर तर हमखास विसरली जाते.

यातल्या बहुतेक गोष्टींना पैसा लागत नाही, शिस्त लागते. जिथे पैसा लागतो, तिथे रुग्णालय चालवणाऱ्यांना एकच सांगणं: ॲप्रन आणि बॅज मोजताना सुरुवात रुग्णाचा पाय धरून उभ्या असलेल्या ओटीतल्या मदतनीस मामांपासून करा.