सशाची टाच आणि घरातली फरशी

नांदेड-लातूरकडच्या घरांत शहाबादी फरशी असते, नाहीतर गुळगुळीत टाइल्स. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की हौसेनं पाळलेला पांढरा ससा तिथंच अंग टाकतो. तीस अंशांच्या वर त्याला उष्मा बाधतो, त्यामुळे गारवा हवाच. पण बारा महिने कडक फरशीवर राहून त्याच्या मागच्या टाचा सोलून निघतात.

कुत्र्या-मांजराच्या पंजाखाली गादी असते. सशाला ती नाही. पातळ कातडी आणि वर दाट केस, एवढंच. पाळीव ससा आपल्या माळावरच्या सशापेक्षा वेगळा. त्याचं मूळ स्पेन-पोर्तुगालकडचं. मातीत त्याची नखं रुततात आणि वजन तळव्यावर नीट वाटलं जातं. फरशीत नख रुतत नाही. ते वाढलेलं असेल तर बोटं वर उचलली जातात आणि सगळा भार टाचेवर येतो. केस झिजतात, रक्तपुरवठा दबतो, कातडी लाल होऊन फुटते. तारेच्या पिंजऱ्यात किंवा मुतानं ओल्या जागेत हे लवकर घडतं. स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू शिरले की पू धरतो. सशाचा पू पनीरासारखा घट्ट, सहसा वाहून जात नाही. वरून खपली दिसते आणि आत संसर्ग हाडापर्यंत पोचतो.

जखम दिसली तर कोमट सलाइननं धुवा, कोरडी करा, सशाला मऊ, कोरड्या अंथरुणावर ठेवा. पट्टी करकचून बांधू नका. घरातल्या गोळ्या तर मुळीच नकोत: पोटातून दिलेलं अमॉक्सिसिलिन सशाच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मारतं आणि त्यानं ससा दगावू शकतो. दुखण्यापायी त्यानं खाणं सोडलं, तर आतडी मंदावतात. दहा-बारा तास तोंड न लावलेला ससा तातडीनं जनावरांच्या दवाखान्यात न्यावा. लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

औषधानं जखम भरेल, पण फरशी तशीच राहिली तर पुन्हा उघडेल. म्हणून वाळलेल्या गवताचा जाड थर घाला, ओला झाला की बदला, नखं वेळच्या वेळी कापा. लठ्ठ सशाच्या टाचेवर जास्त भार येतो. तेव्हा पोळी-बिस्किटं बंद, गवत भरपूर. आठवड्यातून एकदा तळवे बघा. उचलताना मागचं अंग हातानं पेला. लाथ झाडताना सशाचा कणा मोडू शकतो. टाचेवरचे केस विरळ दिसले, की जखमेची वाट न बघता अंथरूण बदला.