कोल्हापुरी चामड्याचा खंड्या

कोल्हापुरी चप्पल सगळ्यांना ठाऊक आहे. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण त्याच चामड्यातून पक्षीही घडवता येतो! 🐦

बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं हे चामडं ओलं केलं की मऊ पडतं आणि वाळलं की दिलेला आकार धरून ठेवतं. क्रोम वापरून कमावलेल्या चामड्यावर कोरीव ठसा असा टिकत नाही.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर दिसणारा खंड्या (किंगफिशर) करायचा तर:

१. लाकडी साच्यावर ओलसर चामडं दाबून धडाचे दोन भाग घडवा.
२. ओलसर चामड्यातून रापीने (चामडं कापायच्या हत्याराने) पिसं कापा, पिसांच्या रेघा अर्ध्या जाडीपर्यंतच कोरा. रेघेची एक कड दाबली की उठाव येतो.
३. पिसं ओली असतानाच बोटांनी वाकवा, सावलीत वाळवा. उन्हात चामडं ताठरून तडकतं.
४. आरीने भोकं पाडून धडाचे दोन्ही भाग वादीने शिवा, शेपटीकडून डोक्याकडे पिसं कौलांसारखी चिकटवा.
५. अॅक्रिलिक रंगाचे पातळ थर द्या. पाठ निळी, डोकं तपकिरी, गळा पांढरा, चोच लाल.

सुरुवातीला चपलेच्या कारागिरांकडच्या कातरणावर हात बसवा. महागडं चामडं नंतर!