पाचशे पिनांचा हिशेब

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात वजन उतरवण्याची ऑपरेशनं करणारे २० सर्जन एका परीक्षेला बसले. आपल्याकडे अशा परीक्षेला कुणी राजीखुशीने बसेल असं मला वाटत नाही. प्रत्येकाने स्वतः केलेल्या एका गॅस्ट्रिक बायपासचं चित्रीकरण दिलं. त्यावर नाव नव्हतं आणि चेहराही नव्हता, पोटाच्या आत अवजारं कशी हलतात तेवढंच दिसत होतं. प्रत्येक चित्रीकरण किमान दहा सर्जननी पाहिलं आणि हाताच्या कसबाला १ ते ५ मध्ये गुण दिले. सर्वांत कमी सरासरी आली २.६ आणि सर्वांत जास्त ४.८. मग जॉन बर्कमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १०,३४३ रुग्णांच्या नोंदी काढून पुढे कुणाचं काय झालं ते पाहिलं. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आकडे छापून आले. गुणांत तळाला असलेल्या पाव हिश्श्यातल्या सर्जनांकडे १४.५ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली, वरच्या पाव हिश्श्याकडे ५.२ टक्के रुग्णांना. मृत्यूचं प्रमाण खाली ०.२६ टक्के, वर ०.०५.

टक्क्यांनी अंगावर काटा येत नाही, म्हणून माणसं मोजू. हजार जण तळाच्या हातांखाली गेले तर १४५ जणांचं काहीतरी बिघडतं, वरच्या हातांखाली ५२ जणांचं. दहा हजार गेले तर एकीकडे २६ जण घरी परतत नाहीत, दुसरीकडे ५. ऑपरेशन तेच, राज्य तेच, आणि दोन्हीकडचे सर्जन रीतसर शिकलेले.

आता नगर जिल्ह्यातल्या शेवगावात या. इथे ‘वजनाचं ऑपरेशन’ करायचं ठरलं की सर्जन कसा ठरतो? पाहुण्यांत कुणाचं तरी झालेलं असतं. अमक्याचे चाळीस किलो उतरले, तमकीची शुगरची गोळी सुटली, मग त्याच डॉक्टरचा नंबर मिळवायचा. नाहीतर नगरला किंवा पुण्याला जाताना पाटी दिसते : आधीचा फोटो, नंतरचा फोटो आणि मध्ये किलोंचा ठसठशीत आकडा. (डॉक्टरांनी जाहिरातीतून रुग्ण ओढू नयेत, असं २००२ ची वैद्यकीय आचारसंहिता सांगते. पाट्या मात्र वाढतच आहेत.)

त्या किलोंच्या आकड्याचं काय करायचं, याचं उत्तर मिशिगनच्याच अभ्यासाच्या पुढच्या भागात आहे, आणि ते पहिल्या भागापेक्षा चक्रावणारं आहे. २०१६ मध्ये त्याच सर्जनांच्या रुग्णांचं वर्षभरानंतरचं वजन तपासलं गेलं. उत्तम हात आणि सुमार हात यांच्या रुग्णांत वजन उतरण्यात म्हणण्यासारखा फरकच निघाला नाही. पोट लहान झालं की वजन उतरतंच, मग ते कुणीही केलेलं असो. म्हणजे पाटीवरचे चाळीस किलो सर्जनच्या हाताबद्दल आपल्याला काहीच सांगत नाहीत. फरक पडतो तो ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्यात, आणि त्या महिन्याचा फोटो कुणी पाटीवर लावत नाही.

किलोंचं वेड मात्र आपल्याला जुनं आहे. सप्टेंबर २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं आणि विषय घराघरांत पोचला. पुढे फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून इमान अहमद यांना मालवाहू विमानातून मुंबईला आणलं, तेव्हा त्यांचं वजन ५०० किलो सांगितलं जात होतं. सैफी रुग्णालयात डॉ. मुफझ्झल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्चला त्यांचं स्लीव्ह (जठराचा मोठा भाग कापून काढण्याचं) ऑपरेशन केलं. काही आठवड्यांत वाद पेटला, तोही किलोंवरूनच. वजन सांगतात तितकं उतरलेलं नाही असं बहिणीचं म्हणणं होतं, रुग्णालयाने ते साफ नाकारलं. मे महिन्यात त्यांना अबू धाबीला हलवलं आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तिथे त्यांचा मृत्यू झाला. हृदय आणि मूत्रपिंडाचे आजार हे कारण तिथल्या रुग्णालयाने दिलं. जगभरच्या कॅमेऱ्यांपुढे सात महिने एक बाई फक्त आकडा होऊन राहिली होती.

हाताने फरक कुठे पडतो, हे कळायला पोटात शिरावं लागेल. पोटावर पाच ते बारा मिलिमीटरची चार-पाच छिद्रं पाडतात, आत कार्बन डायऑक्साइड भरून तंबूसारखी जागा करतात. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, कापून बाहेर काढतात. लिटर-सव्वा लिटर मावणारी पिशवी टपरीवरच्या कटिंगच्या एक-दोन ग्लासांवर येते. बायपासमध्ये तर वर उरणारी पिशवी अवघी २० ते ३० मिलिलिटरची, आणि तिला खालचं आतडं वळवून जोडायचं.

कापणं आणि शिवणं एकाच वेळी होतं, स्टेपलरने. त्याच्या ६० मिलिमीटरच्या एका काडतुसात टायटॅनियमच्या पिनांच्या सहा रांगा असतात, तीन अलीकडे आणि तीन पलीकडे, मधून पातं फिरतं. एका काडतुसात ऐंशी-नव्वदच्या आसपास पिना, आणि स्लीव्हला साधारण पाच-सहा काडतुसं. म्हणजे जवळपास पाचशे पिना. उघडी असताना साडेतीन-चार मिलिमीटर उंच असलेली पिन मिटल्यावर दीड ते दोन मिलिमीटरची होते. जठराची भिंत खाली जाड आणि वर पातळ असते, म्हणून कुठल्या जागी कुठल्या उंचीचं काडतूस घालायचं हे ठरवावं लागतं. जाड जागी बुटकी पिन घातली तर ती नीट मिटत नाही, पातळ जागी उंच पिन घातली तर ती घट्ट धरत नाही. बटण दाबण्याआधी ऊतक दाबून काही सेकंद थांबायचं, म्हणजे त्यातलं पाणी सरकून जाडी कमी होते. घाई इथेच नडते. आणि तरीही मिशिगनच्या कसबी सर्जनांना बायपासला सरासरी ९८ मिनिटं लागली, तळाच्यांना १३७. जपून केलेलं काम लवकर संपतं, हे गवंड्यापासून शिंप्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे.

हंगेरीच्या ह्यूमेर ह्युल्टल यांनी १९०८ मध्ये पहिला स्टेपलर वापरला, तेव्हा तो साडेतीन किलोंहून जड होता आणि जुळवायलाच दोन तास लागत. आज तो एका हातात मावतो. पाचशेतली एक जागा उसवली तर मात्र तेव्हाही तेच आणि आजही तेच : जठरातला रस पोटात झिरपतो. याला ‘लीक’ म्हणतात. चांगल्या केंद्रांत स्लीव्हनंतर ते शंभरात एकाला होतं, कधी दोघांना, आणि बहुतेक वेळा पिनांच्या रांगेच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिकेजवळ.

मग डॉक्टर म्हणतात, ‘माझ्या पाचशे ऑपरेशनमध्ये एकही मृत्यू नाही.’ ऐकायला भारी वाटतं. मिशिगनच्या तळाच्या गटाचा दर घ्या, ०.२६ टक्के. या दराने पाचशे ऑपरेशनं करणाऱ्या सर्जनकडे एकही मृत्यू न होण्याची शक्यता किती? सुमारे २७ टक्के. म्हणजे सुमार हातांच्या चार सर्जनांपैकी एक जण हेच वाक्य तितक्याच खरेपणाने म्हणू शकतो. संख्याशास्त्रात याचा एक सोपा नियम आहे : जितक्या ऑपरेशनांत शून्य आलं त्या संख्येने तीनला भागा, खरा दर तिथपर्यंत असू शकतो. दोनशेत शून्य मृत्यू म्हणजे खरा दर दीड टक्क्यापर्यंत असू शकतो. या शून्याला मी तरी काडीची किंमत देत नाही.

बोलकं ठरतं ते जास्त वेळा घडणारं. महिनाभरात पुन्हा टेबलावर घ्यावं लागलेले रुग्ण मिशिगनच्या वरच्या गटात शंभरात १.६ आणि तळाच्या गटात ३.४. पुन्हा दाखल करावे लागलेले २.७ आणि ६.३. हा फरक दोनशे ऑपरेशनांतसुद्धा दिसू शकतो. ‘डॉक्टर, गेल्या वर्षी तुम्ही स्वतः किती केली, आणि त्यांतली किती माणसं महिन्याच्या आत परत आली?’ एवढं विचारायला लाज वाटायचं कारण नाही. ट्रॅक्टर घेताना आपण याच्या दहापट चौकशी करतो. उत्तरात ‘एकही नाही’ आलं आणि ऑपरेशनं शेकड्यांनी असतील तर मला शंका येते. सहा जण आले आणि त्यांचं काय झालं ते सांगता आलं, तर तो माणूस वही ठेवतो.

‘स्वतः’ हा शब्द मुद्दाम घातलाय. पाटीवर असतात ती रुग्णालयाची ऑपरेशनं, आणि तीही स्थापनेपासूनची. मिशिगनच्या वरच्या गटातला सर्जन वर्षाला सरासरी १५७ ऑपरेशनं करत होता, तळाचा ५३. किती वर्षं प्रॅक्टिस झाली याचा मात्र कसबाशी संबंध दिसला नाही. केस पांढरे झालेत म्हणून हात सफाईदार असेलच असं नाही. फिलिप शॉअर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्येच मांडलं होतं की दुर्बिणीतून बायपास शिकायला शंभर ऑपरेशनं लागतात. आपल्याकडे एमएस झालेल्या सर्जनला हे ऑपरेशन करायला वेगळी सक्तीची पदवी लागत नाही. ते पहिले शंभर रुग्ण कुणीतरी असतातच, प्रश्न इतकाच की त्यांना ते सांगितलेलं असतं का. इंग्लंडमध्ये २०१३ पासून काही शाखांच्या सर्जनांचे निकाल नावानिशी जाहीर होऊ लागले, त्यात वजनाची शस्त्रक्रियाही होती. आपल्याकडे रुग्णाला उघडून पाहता येईल अशी यादी नाही.

बाजार मात्र अफाट आहे. २०२२ मध्ये भारतात ४.४ कोटी बायका आणि २.६ कोटी पुरुष लठ्ठ होते, असा ‘लॅन्सेट’मधला अंदाज. कोविडच्या आधी देशात वर्षाला वीस हजारांच्या घरात ऑपरेशनं होत होती. सगळ्यांना ऑपरेशन लागत नाही, पण लागलं असतं तर त्या वेगाने ही रांग संपायला साडेतीन हजार वर्षं लागली असती. एवढं गिऱ्हाईक उभं असताना पाट्या कमी कशा होतील?

विम्याचाही आकडा बघून ठेवावा. आपल्याकडे वर्षानुवर्षं वापरलेल्या निकषांप्रमाणे बीएमआय (किलोंतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३७.५ च्या पुढे, किंवा मधुमेहासारखा आजार असेल तर ३२.५ च्या पुढे, ऑपरेशनचा विचार होतो. विमा नियामकाच्या नियमात हेच आकडे ४० आणि ३५ आहेत. १६५ सेंटीमीटर उंचीच्या माणसासाठी हा फरक जवळपास सात किलोंचा : डॉक्टर ८८.५ किलोंवर हो म्हणतो आणि विमा कंपनी ९५ पर्यंत थांबा म्हणते, तेही अनियंत्रित मधुमेहासारखे ठरावीक गंभीर आजार असतील तरच. विम्यासाठी वजन वाढवून येणाऱ्यांना काय म्हणावं, मला समजत नाही.

राहिला रस्ता. शेवगावला रेल्वे नाही. नगर साठ-पासष्ट किलोमीटर, पुणे दोनशेला थोडं कमी. पहिल्या वर्षी पाच-सहा वेळा तपासणीला बोलावतात, म्हणजे पुण्याचा सर्जन धरला तर दोन हजार किलोमीटर. त्याहून महत्त्वाची पहिल्या दहा-बारा दिवसांची गोष्ट. रुग्णाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी सोडतात आणि लीक पुष्कळदा त्यानंतर उघडं पडतं. नाडी १२० च्या वर जाते, ताप येतो, डाव्या खांद्यात दुखतं. गावात त्याला आधी गॅसची गोळी मिळते. रात्री दोन वाजता नाडी धावायला लागली तर पुणे चार तासांवर आहे, आणि फोन उचलणार कोण, हे सर्जन निवडतानाच विचारलेलं बरं.

आहाराचंही तसंच. रोज ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात ती साधारण दहा ग्रॅम, म्हणजे नुसत्या भाकरीवर सहाशे ग्रॅम पीठ, आणि पोटात एका वेळी अर्धी भाकरीही जात नाही. बी-१२, लोह, कॅल्शियम बहुतेकांना जन्मभर. ज्या आहारतज्ज्ञाचा तक्ता ओट्स आणि ब्रोकोलीने सुरू होतो, त्याला माळकरी घरात दूध, ताक, पनीर आणि डाळींतून साठ ग्रॅम कसे जमवायचे ते विचारून पाहावं.

मला कुणी विचारलं की नगरला वर्षाला तीस ऑपरेशनं करणारा जवळचा बरा की पुण्यात दीडशे करणारा लांबचा, तर मी पुणे सांगेन, पण एका अटीवर. सुट्टी मिळाली की त्याच संध्याकाळी गाडी शेवगावकडे वळवायची नाही. रुग्णालयाजवळ खोली घेऊन किंवा पाहुण्याकडे राहून दहा दिवस तिथेच काढायचे. निघताना ऑपरेशनची पूर्ण कागदपत्रं घ्यायची, आणि नगरचा एक सर्जन आधीच गाठून त्याला सांगून ठेवायचं की असा असा माणूस तुमच्या टापूत येतोय. दहा दिवसांचं खोलीभाडं आणि डबा मिळून ऑपरेशनच्या लाखांच्या बिलात दिसणारही नाही.