सिद्धगडाच्या पायथ्याशी

मुलांनो, शहापूरच्या माहुली गडावर तुमच्यापैकी कितीतरी जण सहलीला गेले असतील. पण मुरबाड तालुक्यातला सिद्धगड पाहिलाय का? तिथल्या जंगलात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे पोलिसांच्या गोळीबारात दोन तरुण धारातीर्थी पडले. एक विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल आणि दुसरे हिराजी पाटील.

भाई मूळचे माथेरानचे. शिकून वकील झाले, पण पैशामागे लागले नाहीत. कर्जत भागातल्या गरीब शेतकऱ्यांना सावकारापुढे हात पसरावे लागू नयेत म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, मुलांसाठी शाळा सुरू केल्या. मग असा माणूस रानात का शिरला?

याचं उत्तर सरकारच्या वागण्यातही आहे. ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत 'छोडो भारत'चा ठराव झाला. दुसऱ्याच दिवशी पहाटे सरकारने गांधीजींना पकडून पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं, नेहरू-पटेलांना अहमदनगरच्या किल्ल्यात. सरकारला वाटलं, पुढारी आत गेले की चळवळ थंडावेल. झालं उलटंच! सभा बंद, मोर्चे बंद, समजावून सांगणारे पुढारी तुरुंगात. मग चिडलेले तरुण भूमिगत झाले. भाईंवरही वॉरंट निघालं. त्यांनी 'आझाद दस्ता' उभारला.

दस्त्याने काय केलं? खोपोली, भिवपुरीच्या वीजघरांतून मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज जात असे. तारा वाहणारे लोखंडी मनोरेच दस्त्याने रातोरात कापून पाडले. सरकारचं काम अडवायचं, हा हेतू.

पोलीस मागावर होतेच. पण रानात नुसत्या हिंमतीवर राहता येत नाही, बरं का! भाकरी लागते, वाट दाखवणारा लागतो, तोंड बंद ठेवणारं गाव लागतं. भाईंना हे सगळं मिळालं, कारण धान्यकोठ्यांनी जोडलेली माणसं आधीपासून त्यांची होती. सरकारकडे बंदुका होत्या, पण हा विश्वास नव्हता. शेवटी पोलिसांना ठावठिकाणा लागलाच. भाई तेव्हा अवघे तीस वर्षांचे होते.

जगात इतरत्रही असंच घडलंय. १९१६ साली डब्लिनमध्ये बंड झालं, तेव्हा बऱ्याच आयरिश लोकांना ते पसंत नव्हतं. पण इंग्रजांनी पुढाऱ्यांना गोळ्या घातल्या आणि लोकांचं मन फिरलं. १९१८ च्या निवडणुकीत आयर्लंडने स्वातंत्र्यवाद्यांनाच भरघोस मतं दिली.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. गांधीजींचा मार्ग अहिंसेचा. मग मनोरे पाडणं त्यात बसतं का? त्या काळीही यावर मतभेद होते. आई-बाबांशी, गुरुजींशी यावर जरूर बोला. आणि २ जानेवारीला जमलं तर सिद्धगडच्या हुतात्मा स्मारकावर एक फूल वाहून या.