शेवटच्या बाकावरचा आवाज

वर्गात ‘काही शंका?’ असं विचारलं, की साऱ्या माना खाली जातात. शिक्षकी पेशातल्या कुणालाही हा अनुभव नवा नाही. २०२० च्या टाळेबंदीत कॉलेज बंद झालं आणि आम्ही ‘मूडल’ या मोफत संगणकप्रणालीवर लेखी चर्चा सुरू केली.

पहिल्याच आठवड्यात माझं चुकलं. पहिलं उत्तर येताच मी लांबलचक खुलासा लिहून मोकळा झालो. सरांनीच सांगितल्यावर पुढे कोण बोलणार? बाकीच्यांनी री ओढली.

मग मी दोन दिवस गप्प राहायचं ठरवलं. स्वतःचं उत्तर लिहिल्याशिवाय इतरांची उत्तरं दिसू नयेत, अशी सोय मूडलमध्ये आहे, तीही वापरली. प्रश्नही बदलला : तुमच्या घरातल्या मराठीत कानडी शब्द कोणते?

रात्री अकराला एका मुलीचं उत्तर आलं. वडील घरी आल्यावरच तिला फोन मिळायचा. ‘अक्का, अण्णा म्हणताना आपण कुठली भाषा बोलतो?’ असा उलट प्रश्न तिनं टाकला. त्यावर चर्चा रंगली. वर्षभर ही मुलगी वर्गात एक शब्द बोलली नव्हती. नंतर म्हणाली, ‘‘सर, बोलताना चुकलं की हसतात. लिहिताना आधी तपासता येतं.’’

कॉलेज पुन्हा भरलं, तरी ही लेखी चर्चा मी सोडलेली नाही. आणि वर्गात प्रश्न विचारल्यावर आता मनात दहा आकडे मोजतो. मुलं मुकी नसतात हो, आपणच थांबत नाही!